नकाशात नसलेला देश

समस्त मंगरूळपीरकर, इंझोरीकर, पाहुणे, सोयरे, चहा पिणारे आणि चहा पाजणारे अशा सर्वांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, या जगात झालेल्या, चालू असलेल्या आणि पुढे होणाऱ्या एकाही युद्धाचं कारण मला ठाऊक नाही. ते मला कधीच ठाऊक नव्हतं. बसस्टँडसमोरच्या टपरीवर इतकी वर्षं मी जे काही सांगत आलो, ते सर्व या निवेदनाद्वारे मागे घेण्यात येत आहे. कृपया नोंद घ्यावी.

निवेदन करायची मला सवय आहे. मी शाळामास्तर. पण गावात मला ओळखतात ते माइकवाला मास्तर म्हणून. लग्नात वरमायांना स्टेजवर बोलावणं, गणपतीत बक्षीस समारंभ रंगवणं, सेवानिवृत्तीच्या कार्यक्रमात सत्कारमूर्तीपेक्षा जास्त रडणं, ही सगळी कामं माझ्याकडे. आणि माइक नसेल तेव्हा टपरी. शाळा सुटली की मी तिथं जायचो. चहावाला टीव्ही लावायचा, आवाज बंद करायचा आणि म्हणायचा, "हं सर, आता तुमी बोला."

टीव्हीवर कुठं तरी काही तरी जळत असायचं. समोर बसलेला ऑटोवाला विचारायचा, "सर, हे काहून भांडून राह्यले?"

"भावकी!" मी म्हणायचो.

एवढ्यावरच निम्मी टपरी हसायची. मग मी सगळं उलगडून सांगायचो. हा थोरला, तो धाकटा, मधे शेताच्या धुऱ्याचं भांडण, आजोबानं वाटणी नीट केली नाही, आणि रक्त तर मुळातच गरम. अर्ध्या कपात मी कुठलाही खंड वाशीम जिल्ह्यात आणून बसवत असे. माणसं खूश, मी खूश. तिथल्या लोकांना विचारायचा प्रश्नच नव्हता, ते कुठं टपरीवर येणार होते?

माझी धाकटी बहीण इंझोरीला दिलेली. तिचा एकुलता एक मुलगा परदेशात डॉक्टरकी शिकतो. तिसरं वर्ष. त्या देशाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की तुम्हीही आमच्यासारखे नकाशावर बोट ठेवून निकाल द्याल. आमच्यासाठी तो देश म्हणजे 'तिकडं'. "पोरगा कुठं असते?" "तिकडं." तीन वर्षांत याच्या पुढं कुणी विचारलं नाही. त्याला तिकडं पाठवावं असा सल्ला माझाच होता. "थंडी सोडली तर तिथं काही त्रास नाही," हे माझेच शब्द. तो निघाला त्या दिवशी मी त्याच्या पाया पडलो. आमच्याकडं मामा भाच्याच्या पाया पडतो. त्यानं मला उठवलं आणि म्हणाला, "मामा, आईले सांभाळजा."

तर गेल्या थंडीतली गोष्ट. टपरीवरच्या टीव्हीत बर्फाच्या रस्त्यावर एक ट्रक जळत होता. खाली भाच्याच्या देशाचं नाव आलं. सीमेवर गोळीबार. मला ते नाव वाचता आलं, आणि भाचा राहतो ते शहर त्या सीमेपासून दिवसभराच्या प्रवासावर आहे हेही मला माहीत होतं. पण ते वाक्य भाषणात बसत नव्हतं, म्हणून वगळलं. ऑटोवाल्यानं विचारलं, "सर, हे कोण?" आणि मी उभाच राहिलो.

"या दोन जातींच्या रक्तातच आहे ते," मी म्हणालो. "हजार वर्षांपासून एकमेकांचे गळे कापत आलेत. तिथं शेजारी शेजाऱ्याला सोडत नाही, तर परक्याला काय सोडणार!"

काय तो आवाज, काय तो हात! टाळ्या पडल्या. कुणी तरी मोबाइलवर ते टिपलं आणि गावाच्या ग्रुपवर टाकलं. मी घरी पोचायच्या आत माझं भाषण इंझोरीला पोचलं होतं.

त्याच संध्याकाळपासून भाच्याचा फोन लागेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोटारसायकल काढली. बहिणीच्या ओट्यावर चपला मावत नव्हत्या. आत टीव्ही चालू होता आणि तोच ट्रक पुन्हा पुन्हा जळत होता. बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या. आमचे जावई, म्हणजे बहिणीचे यजमान, अंगणात खाली मान घालून तुरीच्या शेंगा सोलत होते. टोपली भरली तरी उठेनात, दाणे जमिनीवर सांडत होते. बहीण मोबाइल मांडीवर घेऊन बसली होती. दर थोड्या वेळानं ती नंबर लावायची आणि फोन सगळ्यांना ऐकवायची. पलीकडून एक बाई परक्या भाषेत दोन वाक्यं बोलायची आणि फोन बंद व्हायचा.

"काय म्हनते थे?" एका म्हातारीनं विचारलं.

"रडल्यावानी बोलते," दुसरी म्हणाली.

"नाई वं, रागात हाय. आपल्या पोरायले धरून ठेवलं असंन."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी जगाचा जाणकार ना! मी फोन कानाला लावला. त्या बाईचं एक अक्षर मला कळलं नाही. "नेटवर्क नाही म्हणते," मी म्हणालो. ते खरं निघालं, पण तेव्हा मी ते नुसतं ठोकून दिलं होतं, आणि बहिणीला माझा आवाज लहानपणापासून ओळखू येतो. तिनं पुन्हा नंबर लावला. मी वाशीमच्या मदत कक्षाला फोन केला, त्यांनी भाच्याचं नाव, कॉलेज, पासपोर्ट सगळं लिहून घेतलं आणि दूतावासाला मेल करायला सांगितलं. केला. मग करण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून मी एक घोडचूक केली. शाळेतला जगाचा नकाशा आणला.

विचार असा, की बहिणीला दाखवावं: हे बघ, सीमा इथं, आणि आपला पोरगा तिथं, मधे एवढं अंतर. मी नकाशा खुंटीला टांगला, पट्टी हातात घेतली, घसा साफ केला. आणि शोधू लागलो. हा नकाशा मी नोकरीला लागायच्याही आधीचा. त्यात त्या बाजूला एकच अवाढव्य गुलाबी देश, हिमालयाच्या पलीकडून थेट वरच्या बर्फापर्यंत. पुढं त्याचे तुकडे झाले, त्यातलाच एक भाच्याचा देश. मला ते माहीत होतं. पण नकाशाला माहीत नव्हतं. माझी पट्टी गुलाबी रंगावर फिरत राहिली.

"कुठं हाय, दादा?" बहीण उठून जवळ आली.

"इथंच कुठं तरी. नाव लिहिलेलं नाही."

"नाव काहून नाई?"

"नकाशा जुना आहे बाई."

तिनं त्या गुलाबी रंगावरून हात फिरवला, वरून खाली, जसं तापलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवतात. "म्हंजे असा देशच नाई," ती हळूच म्हणाली. "म्या माहा पोरगा नसलेल्या देशात धाडला."

मागच्या बायांनी पदर तोंडाला लावले. मी नकाशा गुंडाळला. इतक्या वर्षांत माझा असा प्रयोग कधी पडला नव्हता.

तिसरा दिवस. दोन दिवसांपासून त्या घरात चूल पेटली नव्हती. बहिणीच्या हातात तेवढं बळ नव्हतं, एवढंच कारण. जावई चहावर होते, मी टपरीचे भजे खाऊन यायचो. गॅस होता, पण चहापुरता; भाकर रोज मागच्या चुलीवरच व्हायची. आणि गाव काय पाहतं? गाव धूर पाहतं. ज्या घरातून धूर निघत नाही, त्या घरी काय झालं असेल हे आमच्याकडं विचारायची गरज नसते. माणूस गेला की त्या घरी चूल पेटत नाही. भावकीतून पिठलं-भाकर येते. त्याला कडू घास म्हणतात. तो घास घरच्यांनी गिळला की मेलेला माणूस मेला, असं सगळ्यांनी मान्य केल्यासारखं होतं.

दुपारी बहिणीची चुलत जाऊ आली. डोक्यावर टोपली, टोपलीवर पांढरं फडकं. ती काही दुष्ट बाई नव्हे. उलट तिच्याइतकी मायाळू बाई त्या गल्लीत नाही. तिनं धूर पाहिला नव्हता, माझं भाषण ऐकलं होतं, आणि दोन्हींची बेरीज केली होती. ती दारातच खाली बसली, टोपली पुढं सरकवली आणि गळा काढला.

टोपलीतून पिठल्याचा वास आला. जावयांच्या हातातली शेंग तशीच अर्धी उघडी राहिली. मी बहिणीकडं पाहू शकलो नाही, म्हणून टोपलीकडं पाहत होतो. त्या फडक्याला एका कोपऱ्यात निळा टाका घातलेला होता. अजून मला तो टाका दिसतो.

"उचल थे," बहीण म्हणाली.

"बाई, दोन घास तरी..."

"म्या म्हनलं उचल! माह्या घरी कोनी मेलं नाई!"

आणि मग ती माझ्याकडं वळली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याच आवाजात बोलली. तोच हात वर, तोच ठेका. "हजार वर्षांपासून एकमेकांचे गळे कापत आलेत. तिथं शेजारी शेजाऱ्याला सोडत नाही, तर परक्याला काय सोडणार." अक्षर न् अक्षर. किती वेळा ऐकलं असेल तिनं ते! "सांग न आता, दादा. लोकायले सांगतं, मले सांग. सोडलं असंन काय त्यायनं माह्या पोराले?"

मला त्या लोकांचं काय ठाऊक होतं? ते काय जेवतात, कुणाशी सोयरीक करतात, कशावरून भांडतात, एक अक्षर नाही. अर्धा कप चहा आणि एक आवाज बंद केलेला टीव्ही, एवढ्या सामानावर मी दोन जातींना जन्मजात खाटीक ठरवलं होतं आणि भाच्याला त्यांच्या ताब्यात दिलं होतं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "मी ते असंच बोललो."

"असंच?"

"टाळ्या पडत होत्या म्हणून."

ती उठली. आम्हांला वाटलं, विहिरीकडं जाते की काय. जावई शेंगांची टोपली लवंडून धावले. ती गेली सरळ स्वयंपाकघरात. गॅसला हात लावला नाही. मागच्या पडवीतल्या चुलीत कपाशीच्या पऱ्हाट्या कोंबल्या, काडी ओढली आणि फुंकायला लागली. धूर घरात भरला, कौलांतून वर गेला, साऱ्या गल्लीनं पाहावा एवढा. डोळ्यांतून पाणी वाहत असताना तिनं ज्वारीचं पीठ मळलं आणि थापायला बसली.

"बसा जेवाले," तिनं हुकूम सोडला. "सगळे. जाऊबाई, तू बी."

आम्ही बसलो. भाकर करपलेली, मिठाचा पत्ता नाही. ती प्रत्येकाच्या तोंडाकडं पाहत उभी होती, कोण गिळत नाही ते बघत. चुलत जाऊ हुंदके देत खात होती. मी सहा-सहा घोट पाणी पिऊन एकेक घास खाली ढकलला. तिनं स्वतः काही खाल्लं नाही. "तो फोन करंन, मंग जेवीन," म्हणाली, आणि चुलीत आणखी पऱ्हाट्या घातल्या. ती चूल तिनं विझू दिली नाही. विझायला आली की पुन्हा पेटवायची. गॅस जवळ असताना नुसता धूर करत बसलेली बाई मी पहिल्यांदा पाहिली.

चौथ्या दिवशी सकाळी ती चुलीपुढं असतानाच फोन वाजला. नाव दिसलं आणि तिच्या हातातून फोन राखेत पडला. मी उचलला, स्पीकरवर टाकला.

"आई? आई, तू बरी हायस न?" भाचा ओरडत होता.

बहीण नुसती "हो, हो, हो" म्हणत होती. जावई दाराच्या चौकटीला धरून खाली बसले. मीच विचारलं, बाबा रे, चार दिवस होतास कुठं?

घरातच होता. सरकारनं मोबाइल आणि इंटरनेट बंद केलं होतं, तेवढंच. शहरात गोळी सोडा, फटाकासुद्धा वाजला नव्हता. भांडण दूर सीमेवर, कालव्याच्या पाण्याच्या पाळीवरून सुरू झालेलं. हजार वर्षं वगैरे काही नाही. दोन्हीकडचे लोक एकाच धर्माचे, एकमेकांत लग्नं करणारे. त्याची घरमालकीण एका जातीची, तिचा नवरा दुसरीचा. "मामा," तो म्हणाला, "ते दोघं भांडतात, पण टीव्हीच्या रिमोटवरून."

मी डोळे मिटून घेतले.

"पन मले तुमचीच लय चिंता होती," भाचा पुढं म्हणाला. "आमच्या मालकीणबाईनं टीव्हीत पाह्यलं, इंडियात कुठंतरी दंगल झाली, घरं जळून राह्यली. चार दिवस रडून राह्यली. मले एकटं जेवूच देत नाई. रोज ताजी रोटी करते अन् म्हनते, 'खा लेकरा, तुझी आई आता...' म्या लाख सांगतलं, ते गाव आमच्यापासून दोन दिवसांच्या रस्त्यावर हाय. पन तिले कोनी तरी सांगतलं, तिकडचे लोक असेच असतात, सुरुवातीपासून. आता बी इथं बाजूले बसून रडून राह्यली. आई, तुह्या आवाजाची वाट पाहून राह्यली."

फोनमधून खरंच कुणी तरी नाक ओढल्याचा आवाज आला. सगळं घर त्या आवाजाकडं कान लावून बसलं. चुलत जाऊनं नकळत पदरानं डोळे पुसले. बहिणीनं फोन माझ्या हातातून घेतला, तोंडाजवळ धरला, माझ्याकडं एकदा पाहिलं, आणि चार दिवसांत पहिल्यांदा मोकळ्या आवाजात विचारलं:

"काहून रे, तिलेबी एखादा भाऊ हाय काय टपरीवर?"