उपाशी सायरन

बाबांचा फोन आला तेव्हा मी उल्हासनगरला कॉलेजच्या लायब्ररीत होते. "आत्या गेली," एवढंच म्हणाले. मी वही मिटली, परत उघडली... काय करायचं असतं अशा वेळी, मला कळेना. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून आता तिच्यावर लिहायचं कामही माझ्याकडे आलंय. जमेल की नाही, माहीत नाही.

लताआत्या, बाबांची थोरली बहीण, मोरिवलीत आमच्या शेजारीच राहायची. मोबाईल टॉवरच्या बॅटऱ्या चोरीला जातात, म्हणून तिथे कुलपं, कॅमेरे, सायरन बसवायचं काम ती एका ठेकेदाराकडे करायची. अंबरनाथ-बदलापूरच्या कितीतरी टॉवरखाली तिने वायरी ओढल्या असतील. स्कूटीवरून उतरली की गेटवरचे विचारायचे, "मिस्त्री कधी येणार?" आत्या म्हणायची, "आलाय. शिडी धर." आम्हाला ती हे नक्कल करून सांगायची आणि आईला हसू आवरायचं नाही.

एकदा मात्र ती घरी आली ती थेट ओट्यावर जाऊन बसली. खरवईच्या टॉवरवर चोरी झाली होती, आणि तिने बसवलेला सायरन वाजलाच नव्हता. तिथले राखणदार भगवानकाका. सुपरवायझरने थेट त्यांच्यावरच बोट ठेवलं होतं. सायरन यानेच बंद केला, हा चोरांना मिळालेला आहे, उद्यापासून हा कामावर नको. गावात राहणारा माणूस, चोर म्हणून नाव झालं तर तोंड कुठे दाखवणार? आत्या त्या दिवशी जेवली नाही.

पुढचं भगवानकाकांनी तिच्या दहाव्याला मला सांगितलं. दुसऱ्या दिवशी आत्या खरवईला गेली. कामावरून काढलं तरी काका गेटपाशीच बसून होते. "बाय, मी हात पण नाय लावला गं त्याला." तिने पेटी उघडली. सायरनचं बटण चालूच होतं. मग ती वायर धरून मागे मागे गेली, ती थेट बॅटऱ्यांच्या पिंजऱ्यापर्यंत. चोरांनी पिंजऱ्याबाहेरूनच केबल कापली होती, कुलूप नंतर तोडलं होतं. आत्या तिथेच खाली बसली. मग तिथे आलेल्या सुपरवायझरला हाक मारली.

"साहेब, हा बंद नव्हता, उपाशी होता. ज्या बॅटऱ्यांची राखण करायची, त्यांच्यावरच मी याला जोडला. केबल तुटली, हा मुका झाला. चूक माझी आहे."

"मॅडम, सोच लो. ऑफिसमध्ये हेच बोलाल तर काम जाईल तुमचं."

"जाऊ दे. ह्यांचं नाव जायला नको."

काम गेलंच. बरेच दिवस ती ओट्यावर तांदूळ निवडत बसायची. रस्त्यावरून स्कूटी गेली की मान वर करायची, परत खाली घालायची. भगवानकाका मात्र कामावर राहिले. पुढे ठेकेदाराने तिला परत बोलावलं, तेव्हा तिने अट घातली, की प्रत्येक सायरनच्या पेटीत त्याची स्वतःची छोटी बॅटरी हवी, म्हणजे बाहेरची वीज तुटताच तो वाजेल. आणि काम संपलं की मेन स्विच पाडून सायरन वाजतो का, ते बघितल्याशिवाय ती निघायची नाही.

दहाव्यानंतर मी खरवईला गेले. का गेले, नीट सांगता येणार नाही. भगवानकाकांनी काही न विचारता मेन स्विच पाडला. सायरन असा काही कोकलला की समोरच्या नव्या बिल्डिंगच्या गॅलरीतून एक बाई ओरडली, "ओ काका, रोज रोज काय लावलंय? बस करा ना!"

"चेक करतोय ताई!" काका ओरडले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बायनी सांगून ठेवलंय, लांबचा कुत्रा भुंकंपर्यंत वाजवायचा. त्याला ऐकू गेला म्हंजे गावाला गेला."

शेतापलीकडे एक कुत्रं भुंकलं. काकांचा हात स्विचवर गेला... पण स्विच त्यांनी लगेच वर केला नाही.