भिंतीच्या अलीकडच्या पायऱ्या

सुनावणीची नोटीस आली तेव्हा हे जाऊन दोन महिने झाले होते. पाकिटावर त्यांचंच नाव होतं.

बोरिवलीतल्या आमच्या सोसायटीमागून नदी वाहते. महापालिकेच्या विकास आराखड्याच्या मसुद्यात तिच्या काठाने मोकळा पट्टा राखला होता, पण तो नव्या काँक्रीटच्या भिंतीपासून मोजलेला. ह्यांची हरकत एवढीच होती की भिंतच पात्रात बांधली आहे. पट्टा जुन्या काठापासून मोजावा. तसं झालं तर पुनर्विकासात आमची मागची विंग उभी राहणार नव्हती. मला मिळणारं नवं घर त्याच विंगमध्ये होतं.

सोसायटीचे सेक्रेटरी ह्यांचे जुने मित्र. ते भेटायला आले, चहा घेतला, माझ्या झोपेची चौकशी केली. मग म्हणाले, "वहिनी, तो हट्टी होता. तुम्ही तरी होऊ नका." हरकत मागे घेत असल्याचं पत्र त्यांनी टाइप करूनच आणलं होतं. चार दिवसांनी मी त्यावर सही केली. भांडायचं बळ नव्हतं, आणि घर हवं होतं.

सुनावणीला मी आणि सेक्रेटरी बरोबरच गेलो. अधिकारी तरुण बाई होत्या. मृत्यूचा दाखला पाहून त्या म्हणाल्या, तुमची इच्छा असेल तर हरकत इथेच निकाली काढू. पत्र काढायला मी पर्स उघडली. तेवढ्यात त्यांनी नकाशा फिरवून सहज विचारलं, हा जुना काठ कोणी मोजला? सेक्रेटरी म्हणाले, त्यानेच, एकट्याने, त्या मोजणीला काही आधार नाही.

"एकट्याने नाही," मी म्हटलं. "टेपचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. आमच्या आवारात धोब्यांच्या जुन्या पायऱ्या आहेत. पाण्यात उतरणाऱ्या. त्या आता भिंतीच्या अलीकडे आहेत."

बाईंनी नकाशावर पेन्सिलने खूण केली आणि 'हरकत कायम, स्थळपाहणी करावी' असं लिहिलं. पत्र मी बाहेर काढलंच नाही.

रिक्षात सेक्रेटरी म्हणाले, "तुमचंच घर गेलं, वहिनी." मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पायऱ्या दाखवायला सांगितल्या. गवत बाजूला सारून ते चार पायऱ्या उतरले. पाचवी गाळात होती. तिथे उभे राहून म्हणाले, हे त्याने मला दाखवायचं तरी. ह्यांनी बोलावलं होतं, मी सांगितलं, तेव्हा तुमची बिल्डरबरोबर मीटिंग होती.

पाहणीला अजून कोणी आलेलं नाही. मागच्या विंगचं कामही सुरू झालेलं नाही.