पंखा बंद करून ऐकायची कविता

रतन गेल्याची बातमी मला तिच्याच कवितेसोबत आली, आणि ती कविता तिची नव्हती. म्हणजे सुरुवात तिची, मधला भाग तिचा, आणि शेवट कुणातरी शहाण्याचा. सकाळी दूध तापत ठेवलं होतं, तेवढ्यात मोबाईल वाजला. आमच्या काव्यमंडळाच्या ग्रुपवर अध्यक्षांचा मेसेज... जोडलेले हात, रतनचा कुठल्याशा संमेलनातला फोटो, मागे मावळता सूर्य आणि खाली 'आई' ही कविता. आदल्या संध्याकाळीच तर तिच्या आईला घेऊन मी दवाखान्यात रतनला बघून आले होते. सोमवारी घरी सोडू म्हणाले होते डॉक्टर. आम्ही निघालो तेव्हा ती डोळे मिटून पडली होती, म्हणून उठवलं नाही. अशा बातमीनं माणसाला आधी रडू यायला हवं, मला आधी संताप आला. दूध उतू गेलं, गॅस विझला आणि मी ओट्यापाशी एकटीच ओरडत होते, "अरे, हा शेवट तिचा नाही!"

रतन नगरच्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसायची. गाड्या पुकारायची ती. मी कोर्टात कारकून, माहेर मिरजगावचं, दर शनिवारी स्टँडवर हजर. एकदा गाडीकडे धावताना माझी छत्री तिच्या खिडकीपाशी राहिली, आणि लगेच माइकवरून साऱ्या स्टँडला ऐकू गेलं, "मिरजगावला निघालेल्या हिरव्या पातळाच्या बाई, आपली छत्री घेऊन जावी, गाडी थांबणार नाही." यच्चयावत माणसं माझ्या पातळाकडे बघायला लागली. मी तणतणत गेले तिच्याशी भांडायला. तर ही बया हसून म्हणते, "छत्री गेली तर परत येती व्हय? लाज काय, घडीभरानं जाती." तेव्हापासून मी तिच्यासाठी 'मिरजगाव'. "काय गं मिरजगाव, चहा टाकू का?" माझं खरं नाव तिनं कधी घेतल्याचं मला आठवत नाही.

ती कविता करते हे मला बऱ्याच उशिरा कळलं, आणि कळलं ते घामाघूम होऊनच. भर उन्हाळ्यात तिच्या केडगावच्या खोलीवर गेले होते. "एक म्हणून दाखवते," म्हणाली, उठली, आणि खटकन पंखा बंद केला. मी म्हटलं, अगं, जीव घेतेस का? "थांब की जरा. दिसभर मी गोंगाटातच बोलते. लोक नुसतं गाडीचं नाव ऐकत्यात, मला कुणी ऐकत न्हाई. हे तरी नीट ऐक." पुढं मंडळात आली तेव्हाही तेच. आपली पाळी आली की आधी बटणांच्या बोर्डाकडे जायची, सभागृहातले पंखे घालवायची, माइक बाजूला सारायची, आणि मग पाठ कविता शांतपणे म्हणायची. रुमाल निघायचे, कुजबुज व्हायची, "आल्या पंखेवाल्या बाई!" तिच्यावर ढिम्म परिणाम व्हायचा नाही. म्हणून झालं की स्वतःच जाऊन पंखे लावायची. आणि शेवटच्या संध्याकाळी दवाखान्यात डोक्यावरचा पंखा खडखडत होता, तरी ती चकार शब्द बोलली नव्हती.

तर ती कविता. रतन पाथर्डीकडच्या वाडीतली. आईबाप दरसाल ऊसतोडीला कारखान्यावर जायचे, ते थेट उन्हाळ्यात परतायचे. पोरीची शाळा बुडू नये म्हणून तिला आजीपाशी ठेवायचे. त्यावरची तिची कविता एवढीशीच आहे. ती इथे जशीच्या तशी देते. कुठेतरी एकदा तरी ती धड छापून येऊ दे.

आई, तू कोयता घेऊन निघालीस
तेव्हा मी झोपेचं सोंग घेतलं होतं.
तू परत आलीस
तेव्हा मला खरंच झोप लागली होती.
आता विचारतेस, रुसलीस का गं?
रुसायला, आई, समोर माणूस लागतं.

ही कविता कुठल्याही मंडळात म्हणण्याआधी रतननं आईला म्हणून दाखवली होती. वडील गेल्यावर आईला ती नगरला घेऊन आली होती, मी मावशी म्हणते त्यांना. मी तेव्हा तिथंच मटार सोलत बसले होते. पंखा बंद. मावशी भिंतीला टेकून ऐकत होत्या. कविता संपली आणि मला वाटलं, आता म्हातारी काय म्हणते! मावशींनी पदरानं तोंड पुसलं. "खरं हाय," म्हणाल्या. मग लेकीकडे बघून, "पन तू जागी हुतीस ते मला ठावं हुतं. निजलेल्या लेकराचा श्वास येगळा आस्तो. हाक मारली आस्ती तर माजा पाय निगाला नस्ता." रतननं उठून पंखा लावला आणि माझ्यासमोरचे मटार सोलायला घेतले.

जिच्यावर कविता होती तिनं ती अशी पदरात घेतली. पण अध्यक्षांना ती पचेना! कुठल्याशा खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ. मंडळाच्या दिवाळी अंकासाठी कविता घेतली आणि शेवटची ओळ बदलून रतनला दाखवली, "आई, तुझ्या कष्टांपुढे माझं रुसणं केवढंसं!" म्हणे, शेवट जरा सकारात्मक केलाय, आई म्हणजे दैवत, वाचकाला उभारी मिळायला हवी. रतन म्हणाली, "साहेब, उभारी पायजे तर चहा प्या. माझी कविता परत द्या." अंकात ती कविता आली नाही. पुढं मंडळाच्या कार्यक्रमांत जेवणाआधीची, लोक ताटांकडे बघत असतात ती वेळ, तिला हमखास मिळू लागली. माझं डोकं फिरायचं, ती मात्र हसायची. "मिरजगाव, गाडी उशिरा सुटली म्हणून कुठं दुसऱ्या गावाला जाती का?"

हल्ली सगळं असंच गोड करून हवंय लोकांना. वरातीत छाती फुटेस्तोवर डीजे आणि श्रद्धांजलीला बासरी. आईवरची कविता असली की आई उपाशी पाहिजे, हसरी पाहिजे, आणि लेकीनं तिच्या पायाशी लोळण घेतलेली पाहिजे. कविता म्हणजे काय श्रीखंड आहे, वरून वेलदोड्याची पूड भुरभुरायला? ऊसतोडीच्या पायी एका पोरीचं सगळं लहानपण रिकाम्या घरात गेलं. त्याचा जाब तिनं सहा ओळींत, आवाज न चढवता विचारला. तर तिच्या तोंडून माफी वदवून घ्यायची! जिनं जिवंतपणी तोंडावर नाही म्हटलं, ती मेल्यावर हो म्हणाली असं धरून चालायचं! वा रे वा. मेलेल्या माणसाच्या तोंडात तुळशीपत्र ठेवतात, ओळी नाही कोंबत.

दशक्रियेनंतर मंडळानं शोकसभा ठेवली. स्टेजवर मोठा फ्लेक्स, त्यावर तीच कविता, तोच खोटा शेवट. मावशींना पहिल्या रांगेत बसवलं होतं, शेजारी मी. नगरचा मे महिना, सगळे पंखे घरघरत होते. अध्यक्षांनी गहिवरून कविता वाचली, मागून बासरीची टेप, आणि शेवटच्या ओळीला चक्क टाळ्या पडल्या. मावशी माझ्याकडे झुकल्या. "काय म्हनला त्यो शेवटाला?" मी सांगितलं. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "आसं न्हाई त्यात."

मग मला बसवेना. मी उठले, भिंतीपाशी गेले आणि एकेक करून पंख्यांची सगळी बटणं बंद केली. "लाईट गेली का हो?" मागून कुणीतरी विचारलं. "गेली नाही, मी घालवलीय," मी म्हटलं. ती बासरीही बंद करायला लावली. जन्मात कधी चारचौघांत कविता म्हटली नव्हती. रतनसारखी काही जमली नाही, रागानं आवाज फाटत होता, पण सहाच्या सहा ओळी म्हटल्या. अध्यक्ष म्हणाले, "ताई, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण प्रसंग काय, समोर त्यांच्या मातोश्री बसल्यात, त्यांचा तरी विचार करा." त्यावर मावशी बसल्या जागेवरून बोलल्या, "माजा इचार? तिनं माज्या म्होरं म्हनलीय ती. तवा तुमी कुटं हुता?" अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि आभाराचं उरकून घेतलं. फ्लेक्स मी जाताना उतरवायला लावला. ग्रुपवर मात्र ती खोटी कविता अजून फिरते आहे, गुलाबाच्या फुलांसकट, आणि प्रत्येक वेळी मी खाली खरी ओळ लिहिते. लोक मला ग्रुपमधून काढायच्या गोष्टी करतात. काढा म्हणावं.

मावशींचा पुतण्या न्यायला आला होता, पण त्या वाडीला परत गेल्या नाहीत. रतनच्या खोलीवरच राहतात. मी रविवारी जाते. गेल्या गेल्या त्या म्हणतात, "पंखा घालीव, आन् म्हन." मी म्हणते. परवा कविता म्हणून झाली, घाम टिपत मी बटणाकडे निघाले, तर त्यांनी माझा हात धरला.

"त्या दिशी आपन दवाखान्यातनं निगालो तवा ती निजली हुती, का सोंग हुतं गं?"

मी म्हटलं, "मावशी, तुम्हाला तर श्वासावरून कळतं ना?"

"कळतं की," त्या म्हणाल्या. "पन त्यो पंखा लई वाजत हुता."