पत्र्याखालचा खर्ज

मी जॅझ गाते. त्यातही असलं, की मुंबईतले जॅझवालेसुद्धा मधेच चहाला उठतात. शब्द नाहीत, ठेका कुठल्या कुठं, आवाज कधी खर्जात तर कधी किंचाळीत. हे खूळ नांदेडला मामाकडे लागलं. तिथल्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्या चाचांनी "बेटा, ये सुन" म्हणून कॅसेट हातात ठेवली, आणि झालं माझं वाटोळं!

लातूरला घरी परतले तेव्हा भूकंप होऊन गेला होता. गल्ली बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये झोपायची. लोक जरा धीर करून घरात गेले आणि मी पहाटे खर्ज लावला, म्हणजे अगदी तळातला सूर. भिंतीतून तो घुमला मात्र, अख्खी गल्ली रस्त्यावर! सगळ्यात पुढं माझी आई, काखेत गादी. शेजारच्या काकू म्हणाल्या, "लई भ्याले ना मी! आधी सांगत जा की, गाणं म्हणायलेय म्हणून." त्यानंतर मी तोंड उघडलं की आई परसात निघून जायची. तिनं एकदा तरी बसून ऐकावं, एवढाच माझा हट्ट होता.

पुढं मुंबईत बरीच वर्षं गाऊन परत आले नि गाण्याचा क्लास काढला. तोवर लातुरात गल्लोगल्ली कोचिंग. पालक विचारायचे, "ह्याचे दहावीला गुण मिळतात का?" शास्त्रीयच्या परीक्षेचे मिळतात, ह्याचे नाही. "मग कशाला?" खरंच की, कशाला! शेवटी आले ते फिजिक्सचे सर, पोरांपुढं ओरडून घसा बसलेला. मागोमाग केमिस्ट्री, बायोलॉजी. सगळ्यांना ओळीनं उभं करून पोटातून आवाज काढायला शिकवलं. गावात माझं नाव झालं 'घशाच्या बाई'. अस्सा संताप यायचा!

त्याच सरांच्या क्लासनं गुणवंतांच्या सत्कारात मला गायला बोलावलं, म्हणजे पुढारी येईपर्यंत. मंगल कार्यालय, वर पत्रे, दोन्हीकडं कपाटाएवढे स्पीकर. आईला हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं. डोळे मिटून खर्ज लावला. पत्रे थरथरले.

"बाहेर पळा!"

फिजिक्सचे सर! काय सांगू, थेट पोटातून आला आवाज, घशावर जरासुद्धा ताण नाही. मग बाकीचे सर, तेही तसेच, अगदी शिकवल्याप्रमाणे. त्यांच्यामागं पालक, फेटेवाले गुणवंत, हार घेतलेले कार्यकर्ते. डोळे उघडले तर समोर रिकाम्या खुर्च्या. मला रडूच फुटलं.

पहिल्या रांगेत आई होती, मांडीवर पिशवी घेऊन.

"तू न्हाई पळालीस?"

"कशाला? तूच हायस, म्हायती हाय मला. तवा पळाले तेवढं बास झालं." तिनं पदर सावरला. "गा तू. आज खरंच हादरलं तरी उठत न्हाई."