दोन हात लांब ठेवलेली खुर्ची

माझा हात काकूंच्या टाचेपासून चार बोटांवर असेल. काकूंनी पाय मागं ओढला. झटक्यात.

आता गंमत बघा. गुडघा बदलून तीन आठवडे झालेले. सर्जन आणि मी, दोघं मिळून "वाकवा, वाकवा" म्हणून विनवत होतो आणि गुडघा पन्नास अंशांच्या पुढं सरकत नव्हता. माझ्या हाताला चुकवताना मात्र असा वाकला, की मोजला असता तर ऐंशी भरला असता. फिजिओथेरपिस्ट म्हणून माझं आजवरचं सगळ्यात झटपट यश.

"तिथूनच सांगा," काकू म्हणाल्या. "मला समजतं."

आणि टॉवेल पायावर ओढून घेतला.

शेजारी त्यांचा मुलगा उभा होता. दुसऱ्या एका हॉस्पिटलात मोठा डॉक्टर. तो हसला. "आईचं जरा ट्रॅडिशनल आहे हो. जुनी माणसं, यू नो. तुम्ही एज्युकेटेड आहात. डोंट टेक इट पर्सनली."

मी काय म्हणालो? "सॉरी."

हो, मीच. कार्डिफमध्ये पंधरा वर्षं काढली की कुणी आपल्या पायावर पाय दिला तरी सॉरी आपणच म्हणतो. पण हे ते सॉरी नव्हतं. हे लातूरहून बरोबर आणलेलं होतं. तोंडातून निघाल्या निघाल्या मला ते ओळखू आलं.

मग मी खुर्ची मागं सरकवली. दोन हात. एवढी लांब, असं कुणी सांगितलंही नव्हतं.

आदल्या आठवड्यात याच काकू मला "बाळा" म्हणत होत्या. आइस्क्रीमच्या डब्यात घालून चिवडा आणला होता. "अगंबाई, इतक्या लांब येऊन आपलाच मुलगा भेटला!" आमच्या बॅजवर फक्त पहिलं नाव असतं. त्या बॅजवर माझं फार प्रेम. काकूंनी आडनाव विचारलं, तेव्हा मी बॅज पुढं केला. "इथं सगळे पहिल्या नावानंच बोलतात, काकू." गाव विचारलं. म्हणालो, पुण्याजवळ. लातूर पुण्याच्या जितकं जवळ आहे, त्याच्या निम्म्यात कार्डिफहून ब्रिस्टलला जाऊन परत येता येतं. पण वेळ निभावली. चिवडा खाल्ला. चांगला होता.

मग मी शहाणपणा केला. आमच्याकडं व्यायामाचं प्रत्येक पत्रक दोन भाषांत असतं, इंग्रजी आणि वेल्श. काकूंना दोन्ही परकी. म्हणून अख्खा रविवार घालवून मराठी पत्रक केलं. चित्रं काढली. 'टाच बेडवरून हळूहळू आपल्याकडं ओढा. कंबर उचलू नका. दुखलं तर थांबा, घाबरू नका.' इतकं छान झालं, की खाली ऐटीत लिहिलं, 'तयार करणार', आणि पुढं पूर्ण नाव. आडनावासकट. देवनागरीत. ठळक.

पंधरा वर्षं बॅजच्या मागं लपलेला माणूस. पकडला कुणी? त्याच्याच सुवाच्य अक्षरानं.

पाय ओढला त्या दिवशी ते पत्रक काकूंच्या प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये वरच होतं. आडनावाखाली पेनानं रेघ मारलेली. आणि काकू मला "तुम्ही" म्हणत होत्या. मान वाढला, तेव्हाच कळायला हवं होतं.

तुम्हीही आता मनातल्या मनात आडनाव शोधताय. सांगणार नाही. सापडलं असतं तर काय करणार होतात, ते आधी सांगा.

खरी लाज यापुढं आहे. पाय काकूंनी ओढला. पुढचं सगळं मी केलं.

संध्याकाळी कॉम्प्युटरवर नोंद केली. 'रुग्णाला तोंडी सूचना पसंत. स्पर्श न करता शिक्षण. प्रतिसाद उत्तम.' आमची प्रमुख बेथन. मनानं चांगली बाई. तिनं ती नोंद वाचली आणि खूश झाली. पेशंटनं थेरपिस्टच्या हातांवर अवलंबून राहू नये, स्वतः शिकावं, स्वतः करावं, हे ती वर्षभर आम्हाला सांगत होती.

"ब्रिलियंट!" ती म्हणाली. "गुरुवारी सगळ्यांना दाखवशील?"

दर गुरुवारी लंचच्या वेळी आमच्यातला कुणीतरी बाकीच्यांना शिकवतो. मी दाखवलं. अकरा स्लाइड केल्या. एका स्लाइडवर चक्क त्या खुर्चीचा फोटो, बेडपासून दोन हात लांब. खाली लिहिलं, 'योग्य अंतर'. टाळ्या पडल्या. मी बिस्किटं खाल्ली. दोन घेतली.

माझ्या लहानपणी तालुक्याच्या डॉक्टरनं माझ्या आईची नाडी न धरताच ताप सांगितला होता. टेबलापलीकडून. गोळ्या वरून तिच्या ओंजळीत टाकल्या. घरी येताना मी तिला म्हणालो होतो, "मी हात लावणारा डॉक्टर होईन." डॉक्टर नाही, पण हात लावणारा झालो. आणि आता त्या डॉक्टरचीच रीत स्लाइडवर लावून टाळ्या घेत होतो.

सहाव्या आठवड्यात काकू आल्या. गुडघा साठावर अडकलेला. सर्जनचं पत्र सोबत होतं. पंधरा दिवसांत फरक पडला नाही, तर भूल देऊन गुडघा जोर लावून वाकवावा लागेल.

"रोज करते हो मी," काकू म्हणाल्या. डोळ्यांत पाणी. "सगळं पाठ आहे." आणि अख्खं पत्रक घडाघडा म्हणून दाखवलं. टाच ओढा, कंबर उचलू नका, घाबरू नका. एक शब्द चुकला नाही.

"करून दाखवा," मी म्हणालो. खुर्चीवरून.

टाच ओढली की कंबर उचलली जात होती. गुडघा होता तिथंच. कंबर उचलू नका असं तोंडानं म्हणत म्हणत त्या कंबर उचलत होत्या. हे मला तीन आठवडे दिसत होतं. "खाली ठेवा, काकू, खाली," एवढंच ओरडत होतो. एक हात कंबरेवर, एक टाचेखाली. दोन मिनिटांचं काम. मग शरीराला आपोआप कळतं. हे मला माहीत होतं, तरी मी बसून राहिलो.

काकूंनी डोळे पुसले. "त्या गोऱ्या बाईंना बोलवा ना. त्या धरतील. तुम्ही तिथून सांगा."

गोऱ्या बाई म्हणजे केरी. आमची असिस्टंट, पन्नाशीची वेल्श बाई. तिचा हात चालणार होता. माझा फक्त आवाज.

मी उठलोसुद्धा. सवयच. दारापर्यंत गेलो, हँडलला हात घातला. आणि तोच हात दिसला. हँडल धरलेला. मनात आलं, आता हे दारही पुसणार का कुणी?

मी मागं फिरलो.

"नाही, काकू. पाय तुमचा आहे. कुणी हात लावायचा, ते तुम्ही ठरवा. दुसरा थेरपिस्ट मिळेल. पण माझा हात का नको, ते मी लिहिणार. जसंच्या तसं."

मुलगा पुढं आला. आता हसत नव्हता. "अहो, असं ऑफिशियल नका करू. आपण आपल्यातच बोलू ना."

"आपल्यात?" मी म्हणालो. "तीन आठवडे मी आपल्यात कुठं बसलो होतो, डॉक्टर?"

काकू छताकडं बघत राहिल्या.

जुनी नोंद खोडता येत नाही. खाली जोडता येते. मी जोडली. 'आधीची नोंद चुकीची आहे. रुग्णानं स्पर्श नाकारला. कारण, थेरपिस्टची जात. हे मी लपवलं. गुडघा आखडण्यात याचा वाटा असू शकतो.' एका शब्दाचं स्पेलिंग चुकलं. तेही तसंच आहे.

बेथननं वाचलं. जात म्हणजे काय, ते तिला सांगायला लागलं. आवाज खाली आणून तिनं विचारलं, "हे रेकॉर्डवर हवंच का? तुलाच त्रास होईल."

"हवं," मी म्हणालो. "आणि येता गुरुवार मला हवाय."

काकू आता दुसऱ्याकडं जातात. गुडघा वाकला का, माहीत नाही. वाकावा. तो नुसता त्यांच्या हट्टानं आखडला नव्हता.

गुरुवारी तीच खोली, तीच माणसं. खुर्चीचा फोटो मी काढून टाकणार नाही. त्याच्यापासूनच सुरू करणार. खाली लिहिलेलं 'योग्य अंतर' खोडणार आणि त्या जागी लिहिणार, ती खुर्ची तिथं का गेली. काकूंचं नाव घेणार नाही. माझं घेणार. पूर्ण. कारण काकूंनी फक्त पाय ओढला होता.

खुर्ची मी सरकवली होती. आता ती जागेवर आणायची आहे, सगळ्यांच्या देखत. बिस्किटं नंतर.