पक्षकार्यालयातलं पाळणाघर

आमच्या थोरल्या जाऊबाई म्हणजे कामगारांच्या पक्षाचा चालताबोलता भोंगा. उभी हयात शिवणकारखान्यात गेली आणि घसा फोडला तो याच एका पक्षासाठी. वॉर्डातल्या पक्षकार्यालयाची किल्लीसुद्धा त्यांच्याकडेच. निवडणूक सोडली तर तिथं चिटपाखरू फिरकायचं नाही, तरी या बाई जाऊन झाडून यायच्या. मी म्हणायचे, "अहो, स्वतःच्या घरात तरी एवढा केर काढा!" पण ऐकतील तर शपथ.

अखेर पक्ष नगरपालिकेत निवडून आला. आणि दिवे काय लावले? कारखान्याजवळचं पाळणाघर बंद करून ती जागा जिमला दिली! माझी सून त्याच कारखान्यात काजं करते, मीही तिथंच इस्त्रीवर. मुकादमानं बजावलं, बाळांची सोय करा, नाहीतर सोमवारपासून येऊ नका. सुनेचा चेहरा एवढासा झाला. तिच्यासारख्या कितीतरी जणी होत्या.

जाऊबाई तडक नगरसेवकाकडे गेल्या. तो गोड हसून म्हणाला, "काकू, बघू नंतर. तुम्ही काय, घरच्याच!" मग नाक मुठीत धरून समोरच्या पक्षाकडे गेल्या. तिथला पुढारी म्हणाला, "तुमचं मत कुठं आम्हाला पडणार आहे?"

घरी येऊन बाई मटकन खाली बसल्या. "आपलं कोणीच नाही गं," म्हणाल्या आणि चक्क रडल्या. नवरा गेला तेव्हाही एवढ्या रडल्या नव्हत्या. माझा जीव तीळतीळ तुटला.

सोमवारी सकाळी मात्र पदर खोचून त्यांनी पक्षकार्यालय उघडलं, कापडी बॅनर अंथरले आणि बाळं आत घेतली. शेजारच्या दोघी म्हाताऱ्या मदतीला आल्या. सून कामावर गेली. मी दुपारी डोकावले, तर नगरसेवकाच्या हसऱ्या चेहऱ्यावर आमचा नातू ओलं करून गाढ झोपलेला! हसून हसून माझी पुरेवाट झाली.

समोरच्या पक्षाला उकळ्या फुटल्या. पुढारी फोटोग्राफर घेऊनच हजर. "बघा, यांच्या राज्यात लेकरांवर काय वेळ आली!" जाऊबाईंनी एक बाळ त्याच्या हातात दिलं. "बरं झालं आलात. ही जागा पुरत नाही. दुसऱ्या पाळीच्या बाळांसाठी तुमचं कार्यालय उघडा." फोटोग्राफर टिपतच होता. नाही म्हणतो कसा? गप किल्ली काढून दिली.

हे कळताच नगरसेवक धावत आला. "काकू, हे काय मांडलंय!" बाई म्हणाल्या, "हळू बोला, आत्ता कुठं डोळा लागलाय त्यांचा." बिचारा चपला हातात घेऊन बाहेर गेला.

पुढं निवडणूक आली. दोन्ही पक्षांनी आपापल्या कार्यालयात पंखे लावले, दुधाची सोय केली, एकमेकांवर कडी करत. मतदान करून बाई बाहेर आल्या, तर नगरसेवक आणि तो पुढारी, दोघंही दारातच उभे. "काकू, कुणाला?"

जन्मभर बोट नाचवत गल्लीला मत सांगणारी ही बाई. त्या दिवशी नुसती गोड हसली आणि म्हणाली, "ते गुप्त असतं ना हो?"

निवडणूक होऊन वर्ष झालं. दोघांपैकी एकाचीही कार्यालयाला कुलूप लावायची छाती झालेली नाही.