आखाजीला माहेरी गेलेलं कार्ड

सकाळचा चहा झाला की नातसून ओट्यावर येते आणि तिनं लिहिलेलं मला वाचून दाखवते. जिथं कळत नाही तिथं मी हात वर करतो. ती थांबते, दुसऱ्या शब्दांत सांगते, आणि मला कळलं तर तसंच लिहून घेते. माझं शिक्षण चौथीपर्यंत, त्यातही चौथीच्या परीक्षेला मी बसलो नव्हतो. पण तिच्या लिखाणातली निम्मी वाक्यं माझ्यामुळं सरळ झाली, असं मी कुणालाही सांगतो. ती नाही म्हणत नाही.

ती लिहिते कॉम्प्युटरच्या आतल्या सामानाविषयी. नवा प्रोसेसर आला, जुन्यापेक्षा किती पुढं गेला, कुठला पंखा आवाज करतो, कुठली मेमरी महागली. हे सगळं ती मराठीत लिहून नेटवर टाकते आणि ज्यांना घरी कॉम्प्युटर जोडायचा नाद आहे अशी माणसं ते वाचतात. अशी माणसं आहेत हे मला ती घरात आल्यावर कळलं. नातू जळगावला नोकरीला, शनिवार-रविवार येतो. बाकीचे दिवस तिचं वाचन ऐकणारा मीच.

लग्नात तिच्या रुखवतात तिनं स्वतः जोडलेला कॉम्प्युटर होता. पापड-कुरडयांच्या सुपांमध्ये काचेच्या अंगाची ती पेटी ठेवलेली, आत निळे-लाल दिवे फिरत होते. आमच्या पारोळ्याच्या बायका वाकून वाकून बघत होत्या. एक म्हातारी म्हणाली, "यामा मासा कोठे शेतस?" हसू झालं. मी हसलो नाही, कारण तोच प्रश्न माझ्याही तोंडावर आला होता.

आता मात्र चहाच्या टपरीवर लोक मलाच विचारतात. "आबा, आज काय भाव शे?"

"कशाना?"

"कापूसना आम्हले ठाऊक शे. तुमना त्या रॅमना सांगा."

मी सांगतो. रॅम चढली आहे, मोठमोठ्या कंपन्या उचलून नेतात म्हणून आपल्याला मिळत नाही, घाई नसेल तर थांबा. टपरीवर कुणालाच रॅम घ्यायची नसते, पण सांगायला मजा येते.

तर गेल्या वैशाखाच्या आधी एक पार्सल आलं. आजवर ती धुळ्याच्या बाजारातून जुनं सामान आणायची, तपासायची, लिहायची. या वेळी एका कंपनीनं बाजारात यायच्या आधीच नवं ग्राफिक्स कार्ड पाठवलं होतं. पडद्यावर चित्र उमटवायचं काम या कार्डाचं. अट एवढीच की अमुक दिवशी संध्याकाळी सगळ्या लिहिणाऱ्यांनी एकदम छापायचं. आधी नाही. उशीर झाला तर कोण वाचतो? तिला पहिल्यांदाच कुणी आपणहून काही पाठवलं होतं. हे नीट झालं तर पुढं पाठवत राहतील, नाही तर पुन्हा जुन्या बाजारात जायचं. पार्सल हातात घेऊन ती खुर्चीवर बसली ती बराच वेळ उठली नाही. मी टपरीवर जाऊन सांगून आलो.

मग कळलं की तो दिवस म्हणजे आखाजी, अक्षय्य तृतीया.

आमच्या खानदेशात आखाजीला लेकी माहेरी जातात. दिवाळी हुकली तरी चालते, आखाजी नाही. झाडाला झोके बांधतात, सासुरवाशिणी झोक्यावर गाणी म्हणतात, त्या चार दिवसांत त्यांना कुणी काम सांगत नाही. आणि हिची लग्नानंतरची पहिली आखाजी. तिचं माहेर पिंपळनेरच्या पलीकडं, डोंगराच्या कडेला. तिला भाऊ नाही, म्हणून न्यायला वडील स्वतः येणार होते.

ती माझ्यापाशी आली. "आबा, यंदा मी आखाजीनंतर गेले तर?"

"नाही."

"त्या घरात पत्र्याची खोली आहे. लाईट जाते. नेट तर..."

"आखाजीला सून सासरी राहिली तर लोक म्हणतील आम्ही पाठवली नाही. तुझा बाप दारातून रिकामा परत जाणार का?"

तिनं पार्सल कपाटात ठेवून दार लावलं. आमची म्हातारी आतून हे ऐकत होती. बाहेर येऊन म्हणाली, "तुमनं डोकं म्हंजे दगड शे." हे ती लग्न झाल्यापासून म्हणते आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा आला, वाचन आलं नाही. मी वाट बघितली. "आज काही लिहिलं नाही का?"

"नाही, आबा."

त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. रुसली होती असं नाही. भाकऱ्या वेळेवर, औषध वेळेवर, हसूनच बोलायची. पण ओट्यावर बसून मला काय करावं कळेना. पेपर वाचायला घेतला, त्यात तिच्यासारखं थांबून कुणी विचारत नाही.

मी बोललेला शब्द मागं घेत नाही, आणि या वेळीही घेतला नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना एवढंच म्हणालो, "माहेरी जायचं म्हणजे जायचं. मशीन बी जाई."

म्हातारीच्या हातातला भात तसाच राहिला. "अन् लाईट?"

"आपला इन्व्हर्टर नेऊ. बॅटरीसकट."

"मंग आम्ही आठे पदरघाई वारा लेवाना का?"

"चार दिवस घे पदरानं वारा."

नातसुनेनं माझ्याकडं बघितलं. "आबा, बॅटरी उभीच न्यावी लागेल. आडवी झाली तर तेजाब सांडतं."

"मी धरून बसेन."

अशा रीतीनं मी आखाजीला नातसुनेच्या माहेरी जायला निघालो. आमच्याकडं असं कुणी करत नाही. शिवाय आखाजीला घरात पितरांची घागर भरायची असते, आणि ती मी बाप गेल्यापासून दरवर्षी स्वतः भरली आहे. मुलाला, म्हणजे तिच्या सासऱ्याला म्हणालो, यंदा तू भर. पितर काही माझ्या एकट्याचे नव्हते.

व्याही न्यायला आले ते मोटारसायकलवर. दारात भाड्याची पिकअप उभी, तिच्यात गादीवर कॉम्प्युटर निजवलेला, शेजारी बॅटरी आणि बॅटरीला मिठी मारून मी. त्यांनी आपल्या उघड्या डोक्यावरून हात फिरवला. "आबा, तुम्ही कथा?"

"तुमच्याकडं."

त्यांनी मोटारसायकल वळवली. धुळं, साक्री, पिंपळनेर असा तो सगळा रस्ता ते आमच्या मागं मागं येत राहिले. पाहुणा मोठा म्हणून पुढं जायचं नाही, असं त्यांच्या मनात असावं.

पोचलो तर दारात तिची आई ताट घेऊन उभी. लेकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, मला टिळा लावला. मग तिनं खाली उतरवलेल्या कॉम्प्युटरकडं बघितलं. लेक "आई, थांब" म्हणेपर्यंत कुंकवाचं बोट काचेवर गेलं होतं आणि मूठभर अक्षता वर टाकून झाल्या होत्या. त्या पेटीला वरच्या बाजूनं जाळी असते, गरम हवा जायला. तांदूळ सगळे आत.

"बठ्ठासले ओवाळं, मंग यालेच कसाले सोडू?" आई म्हणाली. सगळ्यांना ओवाळून एकट्या पेटीला वगळणं तिला जमलं नव्हतं. बिचारीचं तोंड उतरलं.

लेकीनं जमिनीवर चादर अंथरली, पेटी उघडली आणि एक एक दाणा चिमट्यानं काढत बसली. आईही शेजारी बसली. तांदूळ निवडण्यात तिचा हात कोण धरणार? दिसेल तो दाणा बोटानं दाखवत गेली. कुंकू मात्र काचेवर राहू दिलं. पहिल्यांदा चालू केल्यावर पंख्यात एक दाणा कटकटलाच. पुन्हा उघडून तोही काढला.

तपासणी पत्र्याच्या खोलीत सुरू झाली. नवं कार्ड लावून सकाळी चालवायचं, दुपारी चालवायचं. मग ते काढून तिचं स्वतःचं जुनं कार्ड लावायचं आणि त्याच खोलीत, तसल्याच उन्हात तेच काम द्यायचं. ती म्हणाली, दोघांना सारखं रान मिळालं पाहिजे. मी खाटेवर बसून होतो. व्याही शेजाऱ्याकडून पाण्याचा कूलर घेऊन आले, मोठा, वाळ्याच्या टट्ट्यांचा. लेकीनं तो बाहेरच थांबवला. ओल्या वाऱ्यात उघडं मशीन ठेवता येत नाही आणि तपासणीही खोटी होते.

"अगं पण आबा घामाघूम व्हयी राहिनात," व्याही म्हणाले.

"मला काही होत नाही," मी म्हणालो. होत होतं.

बाहेर चिंचेला झोके बांधलेले, पोरीबाळी गात होत्या. तिच्या मैत्रिणी दोनदा बोलवून गेल्या. व्याही ओट्यावर बसून माझ्याकडं न बघता म्हणाले, "पोर आखाजीले उनी, अन् खोलीमा कोंडायी गयी." मला लागलं ते. पण मीच आणलं होतं तिला मशीनसकट. जेवणात खापरावरचे मांडे आणि आंब्याचा रस होता. व्याह्यांनी आग्रह करून माझ्या वाटीत चौथ्यांदा रस ओतला. राग असा काढला असेल तर माझी काही तक्रार नाही.

दुपारच्या तपासणीत मात्र बिनसलं. नवं कार्ड सकाळी झकास चाललं होतं, जुन्याच्या कितीतरी पुढं. ऊन पत्र्यावर उतरलं आणि ते मंदावलं. तापलं की जळू नये म्हणून कार्ड आपणच पाय ओढतं, तसं. पंखे ओरडायला लागले. मग तिचं जुनं कार्ड लावलं, तर ते त्याच्या पुढं निघून गेलं. तिनं पुन्हा केलं. पट्टे, पेच, वायरी सगळं तपासून तिसऱ्यांदा केलं. तेच. मग मान खाली घालून झोक्यावर जाऊन बसली. झोका हलवला नाही.

आखाजीची सकाळ उजाडली. संध्याकाळी छापायचं होतं. चिंचेखाली खाट टाकून मी बसलो आणि ती वाचायला लागली. सुरुवात चांगली होती. सकाळचे आकडे, जुन्याशी तुलना, आवाज. मग एक वाक्य आलं. "सभोवतालच्या परिस्थितीनुसार कामगिरीत काही प्रमाणात फरक पडू शकतो."

माझा हात वर गेला. कळलंच नाही मला.

"म्हणजे, आबा, वातावरणाचा परिणाम होतो."

"कसला?"

"म्हणजे सगळीकडं सारखंच चालेल असं नाही."

"कुठं नाही चालणार?"

ती कागदाकडं बघत राहिली. खरं सांगतो, तोवर मला कळून चुकलं होतं, आणि मला हात खाली घ्यावासा वाटला. कंपनीनं पहिल्यांदा काही पाठवलं. मी अख्ख्या टपरीला सांगून बसलेलो. एका वाक्यानं कुणाचं काय बिघडणार होतं? पण हात वर गेला होता, आणि ती उत्तर देत होती.

"म्हणजे उन्हाळ्यात दुपारी, एसी नसलेल्या खोलीत, हे नवं कार्ड जुन्यापेक्षा हळू चालतं. आपल्याकडं घेऊ नये."

"हे कळलं," मी म्हणालो.

झोक्यावरच्या बायकांचं एक गाणं संपून दुसरं सुरू झालं. मग तिनं ते वाक्य खोडलं आणि तोंडून निघालं होतं तसंच लिहिलं. पुढं आणखी दोन ओळी टाकल्या, की खोली कशी होती, छत कसलं होतं आणि कुठल्या वेळी तपासलं. मला म्हणाली, "आबा, आता ते नाही पाठवणार काही."

"नाही पाठवणार," मी म्हणालो. खोटा धीर मला देता येत नाही.

नेट घरात मिळेना. उन्हं कलली तरी पडद्यावरचं चक्र फिरतच होतं. व्याही इतका वेळ लांबून बघत होते. ते उठले, मोटारसायकल काढली, "बस मांगे" म्हणाले. बापलेक टेकडीवरच्या देवळाकडं गेले, तिथं फोनला रेंज असते. परत आले तेव्हा दिवे लागले होते. व्याही गाडी लावता लावता म्हणाले, "गयं एकदानं." त्यांनीच फोन उंच धरून ठेवला होता म्हणे, हात दुखेपर्यंत. मग ती झोक्यावर गेली आणि या वेळी झोका उंच गेला. मैत्रिणींनी तिला बराच वेळ उतरू दिलं नाही.

कंपनीचं दोन ओळींचं आभाराचं पत्र आलं, नंतर काही नाही. त्यांच्या पुढच्या मालाची बातमी आम्ही बाकीच्या लोकांबरोबरच वाचली. तिला वाईट वाटलं, अजून वाटतं. मलाही. पण भुसावळहून, अकोल्याहून, विदर्भातल्या कुठल्या कुठल्या गावांहून माणसांनी तिला लिहिलं, की आमची खोली पण पत्र्याचीच आहे, आमच्यासाठी अमुक कार्ड बघून सांगा. धुळ्याच्या एका दुकानदारानं फोन केला. दुकानात माल भरण्याआधी एकेक नग पाठवतो, म्हणाला, दुपारचा तपासून द्या, गिऱ्हाईकं उन्हाळ्यात परत घेऊन येतात.

आता प्रश्न जागेचा आला. नातवाची खोली स्लॅबची, गार. घरात पत्रा फक्त माझ्या खोलीवर आहे. तिनं मागितली नाही. मीच खाट बाहेर निंबाखाली काढली आणि तिचं टेबल आत सरकवलं. म्हातारी बघत होती. आता पुन्हा डोक्याला दगड म्हणते की काय म्हणून मी थांबलो, पण ती काही म्हणाली नाही.

उन्हाळा आहे तोवर खोली तिची. पावसाळ्याचं पावसाळ्यात बघू.